आर्ल, नीम आणि व्हॅन गॉग : आठवीच्या मुलांना घेऊन दक्षिण फ्रान्सला जायचंय, प्लॅन बघून सांगाल का?

रंगपेटी

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका शाळेत फ्रेंच शिकवते. पुढच्या मे महिन्यात आठवी संपवून नववीत जाणारी चोवीसेक मुलं आणि आम्ही चार शिक्षक असं दक्षिण फ्रान्सला, म्हणजे प्रोव्हान्स भागात, साधारण आठवडाभर जायचं चाललंय. आमचे चित्रकलेचे सर सोबत आहेत आणि खरं तर कल्पना त्यांचीच, मुलांनी व्हॅन गॉगची चित्रं पुस्तकात खूप पाहिलीत, तो ज्या उजेडात बसून रंगवायचा तो उजेड एकदा बघू दे असं त्यांचं म्हणणं. आणि मी इतिहासाचीही विद्यार्थिनी असल्यामुळे माझा जीव तिथल्या रोमन गोष्टींमध्ये अडकलाय, खुली प्रेक्षागृहं, पाण्याचा पूल, देवळं, दोन हजार वर्षांपूर्वीचं एवढं एका जिल्ह्याच्या अंतरात उभं आहे आणि अजून वापरात आहे हे मुलांना दाखवायचंच आहे.

ट्रॅव्हल कंपनीने जो प्लॅन पाठवलाय तो वाचून मात्र धस्स झालं. आठ दिवसांत पॅरिस, डिस्नेलँड, आविन्यों, ओराँज, पाँ द्यु गार, नीम, आर्ल, सँ रेमी, एक्स, मार्सेय आणि शेवटी नीस. रोज नवीन हॉटेल, रोज सकाळी सातला बॅगा खाली. यात चित्र कधी काढणार? सर म्हणाले मॅडम, यात पेन्सिलीला टोक करायलाही वेळ नाही.

तर तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांना घेऊन गेलेल्या कुणी सांगा, काय ठेवायचं काय काढायचं, मे बरोबर आहे का, शाकाहारी आणि दोन जैन मुलांचं जेवण कसं करायचं, व्हिसाचं काय. आणि पालक मीटिंगमध्ये "आयफेल टॉवर नाही म्हणजे काय" असा प्रश्न येणारच आहे त्याचं उत्तरही सुचवा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

---

दक्षिणवारा

ताई, मी माँपेलियेला राहते, नीम आमच्याकडून ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे पाहुणे आले की माझी हीच फेरी असते. पहिली गोष्ट, तो प्लॅन फेकून द्या. मनापासून सांगते. मार्सेय, नीस, आविन्यों काढा, एक्सचाही मोह आवरा (चित्रकार सेझानची साँत व्हिक्त्वारची डोंगररांग मला स्वतःला फार आवडते पण ती वेगळी सहल आहे, तिला दोन दिवस तरी हवेत). मुक्काम एकाच गावात करा आणि ते गाव म्हणजे आर्ल.

का सांगते. आर्ल लहान आहे, मुलं चालत सगळीकडे जाऊ शकतात, आणि रोमन आणि व्हॅन गॉग दोन्ही एकाच गल्लीत भेटतात. अँफिथिएटर इसवी सन ९० च्या सुमाराचं, १३६ मीटर लांब १०७ मीटर रुंद, वीसेक हजार माणसं बसायची. आणि मुलांना ही गोष्ट नक्की सांगा की रोमन साम्राज्य गेल्यावर लोकांनी त्या रिंगणाच्या आतच गाव वसवलं, दोनशेच्या वर घरं, दोन चॅपल, आणि वरती टेहळणीचे बुरूज, ते बुरूज अजून दिसतात. ती घरं १८२५ नंतर हटवायला सुरुवात झाली. म्हणजे आपण बघतो ते "रोमन" अवशेष हे एकोणिसाव्या शतकात साफ करून बाहेर काढलेले आहेत, मुलांना हे कळलं की ती दगडांकडे वेगळ्या नजरेने बघतात. एका बुरुजावर चढता येतं, तिथून ऱ्होन नदी आणि कौलारू छपरं दिसतात, तिथे स्केचबुक काढायला सांगा. पण रिंगणातल्या पायऱ्या उंच आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत, धावपळ करणाऱ्या पोरांवर एक शिक्षक नेमाच.

मग प्राचीन आर्लचं म्युझियम, गावाबाहेर नदीकाठी निळी इमारत, चालत पंधरा-वीस मिनिटं. तिथे ऱ्होनच्या गाळातून २०११ मध्ये वर काढलेली रोमन मालवाहू होडी आहे, ३१ मीटर लांब, सपाट तळाची, दगड भरलेल्या अवस्थेत बुडाली होती आणि तशीच मांडलीये. माझी मुलगी त्या होडीसमोरून हलायलाच तयार नव्हती. मंगळवारी म्युझियम बंद असतं हे लक्षात ठेवा. शाळांसाठी त्यांच्या वर्कशॉप असतात, आधी ईमेल करून ठरवायच्या, तुम्ही फ्रेंचमध्ये लिहा, मुलांकडूनच लिहून घ्या, छान उत्तर येतं.

आर्लहून एक दिवस नीम आणि पाँ द्यु गार, एक दिवस सँ रेमी. बास. बाकी दिवस आर्लमध्येच राहू देत.

पाँ द्यु गारबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथे बहुतेक सहली पूल बघतात, फोटो काढतात आणि निघतात. तो पूल म्हणजे ५० किलोमीटर लांब पाण्याच्या वाटेचा एक तुकडा आहे. उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीमला आणायचं होतं आणि सुरुवात ते शेवट उतार मिळून फक्त १२.६ मीटर. मुलांना तिथे नदीकाठी बसवून हा भागाकार करायला लावा, किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर येतो, म्हणजे एक किलोमीटर चालल्यावर गुडघ्याच्याही खाली उतरणार पाणी, आणि ते पंपाशिवाय. पूल ४९ मीटर उंच, तीन मजली, खालचे दोन मजले चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड. दगडांवर बाहेर आलेले खुंट दिसतील, बांधताना परांचीच्या लाकडांना टेकू द्यायला ठेवलेले आणि मग तोडायचे राहिलेले, आणि काही दगडांवर कुठला दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरल्यात. त्या शोधायचा खेळ लावा, अर्धा तास आवाज येणार नाही. नदीत उतरू देऊ नका, पाणी शांत दिसतं पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की गार्दों नदी चढते.

आणि नीमला गेलात की आधी रिंगण आणि मेझाँ कारे हे रोमन देऊळ बघणारच, मेझाँ कारे २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, पण त्याच्या जोडीला कास्तेलुम बघा. साधा गोल हौद आहे रस्त्याच्या कडेला, पाच-सहा मीटरचा, भिंतीत भोकं आहेत, तिथून शिशाच्या नळांनी शहरात पाणी वाटलं जायचं. ट्रॅव्हल कंपन्या नेत नाहीत. पण सकाळी पूल पाहिला आणि दुपारी तो हौद पाहिला की पाणी कुठून निघून कुठे पोचलं ते मुलांच्या डोक्यात पूर्ण होतं.

तारखांचं : मे चांगला आहे, रात्री नवाच्या आसपासपर्यंत उजेड असतो, ऊन सोसण्यासारखं. पण १ मेला जवळपास सगळं बंद, ८ मेलाही सुट्टी. १ मेला तिथे असलात तर मात्र आर्लमध्ये गार्दियाँ लोकांचा उत्सव असतो, कामार्गमधले घोडेस्वार पांढऱ्या घोड्यांवरून गावातून जातात, बायका पारंपरिक आर्लच्या वेषात, ते बघा. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत नीमला फेरिया असते, बैलांच्या झुंजी असतात, हॉटेलं भरलेली आणि रिंगण पर्यटकांना बंद, तो आठवडा टाळाच. आणि पालकांना लॅव्हेंडरची जांभळी शेतं दाखवायचं वचन देऊ नका, ती जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत. मेमध्ये आयरिस आणि पॉपी मिळतील.

---

बोरू

मॅडम नमस्कार, मी साताऱ्याकडे एका शाळेत कलाशिक्षक आहे. आमच्या शाळेला परदेश सहल परवडणारी नाही पण मी स्वतः जाऊन आलोय, पैसे साठवून, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

आधी एक स्पष्ट सांगून ठेवा मुलांना, आर्लमध्ये व्हॅन गॉगची ओरिजिनल चित्रं जवळजवळ नाहीत. तो फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ तिथे राहिला, चित्रं आणि ड्रॉइंग मिळून तीनशेच्या आसपास काम केलं आणि ते सगळं जगभर गेलं. त्याच्या नावाच्या फाउंडेशनमध्ये उसनं आणलेलं एखादं असतं. तो राहायचा ते पिवळं घर दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं, आता नाही. मुलं "घर कुठंय घर कुठंय" करत जातात आणि हिरमुसतात, मी पाहिलंय. आधीच सांगितलं की आपण चित्रं बघायला नाही, चित्रांच्या जागा बघायला चाललोय, तर मग मजा येते. गावात त्या त्या जागेवर त्या त्या चित्राचे फलक लावलेत, चित्र आणि समोरचं दृश्य एकदम दिसतं. हॉस्पिटलचं अंगण मे महिन्यात फुललेलं असेल, ते त्याच्या चित्राप्रमाणेच लावून ठेवलंय. प्लास द्यु फोरमवरचा पिवळा कॅफे बाहेरून बघा, खायला तिथे जायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. आलिस्काँला किमान एक पूर्ण सकाळ द्या. ही रोमन काळातली दफनभूमी, शहराच्या वेशीबाहेर, दोन्ही बाजूंना दगडी शवपेट्यांची रांग आणि मधून झाडांचा रस्ता. १८८८ च्या ऑक्टोबरात त्याचा चित्रकार मित्र गोगँ आर्लला आला आणि दोघं पहिल्या आठवड्यातच इथे शेजारी शेजारी चित्र काढायला बसले. गोगँने शवपेट्या गाळल्याच, त्याच्या चित्रात ओढ्याकाठी उभी तीन माणसं, पेटलेल्या रंगाची झाडी आणि मागे चर्चचा मनोरा. व्हॅन गॉगने पेट्या काढल्या, फिरायला आलेलं जोडपं काढलं, आणि एका चित्रात तर मागच्या रेल्वे कारखान्याची धूर सोडणारी धुराडी पण काढली. एकच जागा, एकच आठवडा. मुलांच्या जोड्या करा, शेजारी शेजारी बसवा, एकमेकांचं न बघता काढायला सांगा आणि मग चित्रं बदलून बघायला सांगा, तू काय ठेवलंस मी काय गाळलं. एवढं एक झालं तरी तुमची सहल वसूल. आपल्याकडे एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या परीक्षेमुळे मुलांना वाटतं समोरचं हुबेहूब आलं म्हणजे चित्र झालं, काय गाळायचं ते चित्रकार ठरवतो ही गोष्ट वर्गात फळ्यावर सांगून कळत नाही.

म्हणूनच मला वाटतं तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत जावं, मे नको. ती चित्रं पानगळीची आहेत. पिवळं केशरी सगळं. भाऊबीज झाली की निघा.

साहित्याचं. व्हॅन गॉगने आर्लमध्ये ढीगभर रेखाटनं बोरूने केली, तिथल्याच ओढ्याकाठचा वेत कापून टोक करायचा. माँमाजूरच्या टेकडीवरून खालच्या मैदानाची जी रेखाटनं आहेत, ठिपके, आडव्या रेघा, वळणं, ती सगळी त्यातूनच. आपल्या मुलांना बोरू नवीन नाही, सुलेखनाला वापरतात, तर इथूनच चांगले तासलेले बोरू आणि छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत तपकिरी शाई न्या (चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नको). जलरंगाची लहान पेटी ठीक, पण ऑइल, टर्पेंटाइन काहीही नेऊ नका, विमानात चालत नाही. आणि प्रत्येक ड्रॉइंग बोर्डला चार क्लिपा पाहिजेतच. मिस्त्राल वारा सुटला की कागद धरवत नाही. व्हॅन गॉग स्वतः ईझलचे पाय खुंट्या ठोकून जमिनीत बांधायचा असं त्याने पत्रात लिहिलंय.

---

दक्षिणवारा

बोरू सर, आलिस्काँचं तुमचं एकदम पटलं, मी तिथे इतक्यांदा गेलेय पण मुलांच्या जोड्या बसवायचं कधी सुचलं नाही. पण दिवाळीला माझा विरोध. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, नोव्हेंबरात साडेपाचला अंधार. हिवाळी वेळापत्रक लागतं, ठिकाणं लवकर बंद होतात. आणि शरदातला पाऊस इथे साधा नसतो, सेवेन डोंगरांकडून एका दिवसात महिन्याचा पाऊस पडतो, रेड अलर्ट लागला की बस निघत नाही. चित्र काढायला बाहेर बसायचं असेल तर मेच. शिवाय आयरिस. व्हॅन गॉगने सँ रेमीला गेल्यागेल्या मे १८८९ मध्ये पहिल्यांदा आयरिसच रंगवले, ते तेव्हाच फुलतात.

---

ठाण्याचा_बाबा

मी शिक्षक नाही, पालक आहे, माझी मुलगी पण आठवीत. एक गोष्ट मनात येते ती विचारतो, राग मानू नका ताई. चोवीस मुलं जाणार, आणि वर्गात बाकीची? आमच्या इथे एका शाळेने परदेश सहल काढली तेव्हा जी मुलं गेली नाहीत ती महिनाभर ऐकत बसली होती, ग्रुपवर फोटो, डब्याच्या सुट्टीत तीच चर्चा. माझ्या मुलीला मी पाठवू शकलो नाही आणि ती काही बोलली नाही, पण मला दिसत होतं ना. खर्च कमी करा असं म्हणत नाही, तो होणारच, पण ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी शाळा काय करणार हे पालक मीटिंगमध्ये आयफेल टॉवरच्या आधी सांगा. माझ्यासारख्याला तेच ऐकायचं असतं.

---

करवीरकर

ठाण्याच्या दादांनी अगदी बरोबर विचारलं आणि त्याला धरूनच सुचवतो. रोमन जग बघायला सगळ्यांना फ्रान्सला जायची गरज नाही, त्याचा एक धागा आपल्याकडेच आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात १९४४-४५ साली रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये ठेवलीये. वीतभर आहे पण काय सुंदर आहे, उभं राहण्याची ढब बघा नुसती. धाराशिव जिल्ह्यात तेर, जुनं तगर, तिथल्या म्युझियममध्ये सातवाहन काळातल्या वस्तू आहेत आणि रोमन व्यापाराच्या खुणा पण. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तगर, कल्याण, सोपारा, चौल ही सगळी आपली ठिकाणं येतात. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन म्हणजे ग्रीक दात्यांचे लेख आहेत, पुण्याहून दीड तासावर.

तर असं करा, जूनमध्ये किंवा हिवाळ्यात सगळ्या आठवीची, पूर्ण वर्गाची, कार्ले आणि कोल्हापूर अशी सहल काढा. तीच स्केचबुकं, तेच बोरू. कार्ल्याच्या चैत्यात खांबाचं चित्र सगळ्यांनी काढायचं. मग जी मुलं फ्रान्सला जातील त्यांनी नीमच्या मेझाँ कारेचा खांब काढून आणायचा, त्याच्या डोक्यावर अकँथसची पानं आहेत, आणि शाळेत एकच प्रदर्शन भरवायचं, कार्ल्याचा खांब आणि नीमचा खांब शेजारी शेजारी, दोन्ही साधारण एकाच काळातले. गेलेली आणि न गेलेली मुलं एकाच कामात येतात. नाहीतर न गेलेल्यांना नुसतं टाळ्या वाजवायला बसवणं हे मला स्वतःला बघवत नाही.

आणि शक्य असेल तर दोन-तीन जागा माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून ठेवा, नाव जाहीर न करता.

---

सहलप्रमुख

मी एका शाळेत बरीच वर्षं परदेश सहलींचं कागदपत्रांचं बघतो, फक्त व्हिसा आणि व्यवस्थेचं लिहितो.

शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेसाठी म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तयारी पाहिजे, एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळवणं फार अवघड जातं कारण सगळा देश तेव्हाच युरोपला निघालेला असतो. शैक्षणिक कारणाने जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ असते, हे बऱ्याच शाळांना माहीतच नसतं आणि एजंट सांगत नाहीत, पण त्यासाठी शाळेचं पत्र नीट पाहिजे, सहलीचा शैक्षणिक उद्देश, रोजचा कार्यक्रम, विद्यार्थ्यांची यादी. व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र वेगळा द्यावा लागतो. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. मुलांसाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांचं संमतीपत्र, नोटरी करून, ज्यांचे पालक वेगळे राहतात किंवा एक पालक परदेशात आहे त्यांची कागदं पहिल्या दिवसापासून गोळा करायला लागा, तिथेच सगळं अडकतं. बारा वर्षांपुढच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, शाळा बुडवून पोरांना न्यायचं असतं तर तारीख एकत्र घ्या.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान घ्या आणि विमानतळावरच्याच स्टेशनवरून आविन्योंला थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान ट्रेन, आहे, पॅरिस शहरात सामान घेऊन जायची गरज नाही. पण विमान उतरणं आणि ट्रेन यात भरपूर वेळ ठेवा, आता युरोपात पहिल्यांदा येणाऱ्यांचे ठसे आणि फोटो सीमेवर पण घेतात, चोवीस मुलं म्हणजे रांग हलत नाही. आविन्योंहून आर्ल जवळ आहे, तिथून पुढे बस भाड्याने घ्या. ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती कायद्याने द्यावीच लागते आणि ते लोक ती पाळतात, "अजून एक ठिकाण करू" असं तिथे चालत नाही, प्लॅन बनवतानाच तसा बनवा.

अठरा वर्षांखाली बऱ्याच सरकारी स्मारकांना तिकीट नसतं पण शाळेचा ग्रुप म्हटलं की वेगळा नियम आणि वेगळी फी असू शकते, आणि वेळ बुक केल्याशिवाय आत सोडत नाहीत. प्रत्येक ठिकाणी आधी ईमेल.

जेवणाचं : मुक्कामाच्या जागी लेखी कळवा, मांस नाही मासे नाहीत आणि मासे हा शब्द मुद्दाम घाला, कारण तापनाद म्हणून ऑलिव्हची चटणी ब्रेडला लावून देतात त्यात बऱ्याचदा अँकोव्ही मासा असतो आणि वाढणाऱ्याला ते शाकाहारीच वाटतं. रातातुई, तुळशीसारख्या बाझिलचं पिस्तू घातलेलं भाज्यांचं सूप, चण्याच्या पिठाचे पानिस हे मुलांना आवडतं. जैन मुलांसाठी कांदा-लसूण तिथल्या स्वयंपाकातून काढणं जवळपास अशक्य आहे, चीजमध्ये पण बऱ्याचदा जनावराचं रेनेट असतं, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर वापरता येईल अशी राहायची जागा बघा आणि खाकरे, थेपले, पोह्यांची पाकिटं घरून. रेस्टॉरंट दुपारी दोनला बंद होतं आणि संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाही, सहा वाजता भुकेली मुलं सांभाळायची सोय तुम्हालाच करायची.

---

रंगपेटी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना डोळे भरून आले खरंच. सरांना सगळा धागा प्रिंट काढून दिला, त्यांनी बोरूचा परिच्छेद दोनदा मोठ्याने वाचला.

ठाण्याचे दादा, राग कसला, तुमचा प्रश्न मी मुख्याध्यापकांपुढे तुमच्याच शब्दांत ठेवला. कार्ले-कोल्हापूर पूर्ण वर्गाची सहल डिसेंबरात पक्की झाली आणि प्रदर्शनही. जागांचं माजी विद्यार्थी संघाशी बोलणं चालू आहे.

मे ठरवलाय, महिन्याचा पहिला पंधरवडा, ८ तारखेच्या सुट्टीला आर्लमध्येच बाहेर बसून काम. मुक्काम आर्ल. सँ रेमी एक दिवस, नीम-पाँ द्यु गार एक दिवस. परतताना पॅरिसला एक रात्र फक्त ऑर्से म्युझियमसाठी, कारण ऱ्होनवरच्या तारांकित रात्रीचं ओरिजिनल तिथे आहे, त्याच्या बेडरूमच्या चित्राची एक आवृत्ती पण, आणि गोगँचं आलिस्काँही. आठवडाभर जागा बघून मग शेवटी चित्र. (सोमवारी बंद असतं, तपासलं.) आयफेल टॉवर नदीकाठून चालताना दिसेल, पालकांना तेवढं सांगता येईल.

एकच गोष्ट अजून छळतेय. व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापल्याचं आणि सँ रेमीच्या मनोरुग्णालयाचं मुलांशी कसं बोलायचं? नेटवर सगळी आधीच वाचून येतात, हसतात पण त्यावर. आणि आपण तर त्या रुग्णालयातच नेणार आहोत.

---

दक्षिणवारा

ताई, हे फार चांगलं विचारलंत. सँ पोल द मोसोल अजूनही चालू मनोरुग्णालय आहे, पर्यटकांना फक्त जुना भाग, मठाचं अंगण, त्याची पुन्हा मांडलेली खोली आणि बाग. पलीकडे खरे पेशंट राहतात. म्हणून बसमध्येच सांगा की इथे आवाज बारीक ठेवायचा कारण कुणीतरी बरं होतंय. तिथे पेशंट बायकांनी केलेली चित्रं ठेवलेली असतात, त्यासाठी तिथे कलेचे वर्ग चालतात, ती चित्रं मुलांना जरूर दाखवा.

डिसेंबर १८८८ मधल्या त्या रात्रीबद्दल लपवू नका पण त्यावर थांबूही नका. तो आजारी होता आणि मे १८८९ मध्ये स्वतःहून तिथे दाखल झाला, हे सांगा. वर्षभरात दीडशेच्या आसपास चित्रं केली, झटका आला की आठवडेच्या आठवडे हात थांबायचा आणि बरं वाटलं की पुन्हा सुरू. तारांकित रात्र जून १८८९ मधली, त्याच खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून. वेडेपणामुळे चित्र आलं असं मुलं समजतात, ते तसं नव्हतं, बरा असायचा तेव्हाच तो काम करू शकायचा. हे वाक्य तुम्ही नाही तर सर बोलले तर जास्त पोचेल.

आणि तिथून बाहेर पडलात की अगदी जवळ ग्लानम, रोमन शहर. तो तिथे होता तेव्हा रस्त्याकडेची कमान आणि समाधीचा मनोरा एवढंच वर दिसत होतं, बाकीचं शहर मातीखाली होतं, उत्खनन १९२१ मध्ये सुरू झालं. तो ज्या ऑलिव्हच्या बागा रंगवत होता त्यांच्या शेजारीच अख्खं गाव पुरलेलं होतं. आधी रुग्णालय, मग ग्लानम असा क्रम ठेवा, उलटा नको, रुग्णालयातून बाहेर पडल्यावर मुलांना मोकळं हिंडायला जागा लागते आणि ग्लानमच्या गल्ल्यांमध्ये ती मिळते. सावली कमी आहे, टोप्या आणि पाणी घ्या.

---

बोरू

मे तर मे. पानं हिरवी काढतील मुलं, हरकत नाही, दक्षिणवारा ताईंचं पावसाचं खरं आहे. मॅडम, बोरू मी पाठवतो, इथे एक जण चांगले तासून देतात, पत्ता मेसेज करा. शाई मात्र पुण्यातच घ्या आणि डिसेंबरात कार्ल्याला वापरून बघा, फार पातळ असली तर तिथल्या उन्हात कागदावर उठत नाही.